कसब शिकवण्याचे कसब : व्यवसाय शिक्षणातील प्रशिक्षकांची तयारी

व्यवसाय शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षकाच्या अंगी दोन कसबे असावी लागतात. पहिले त्याच्या व्यवसायाचे: लेथवर नेमके माप काढणे, वायरिंग करणे, वेल्डिंगची शिवण एकसारखी भरणे, ताळेबंद जुळवणे. दुसरे, ते काम नवख्याच्या हाती उतरवण्याचे. पहिले असले की दुसरे आपोआप येते, हा समज कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांतही घट्ट रुजलेला आहे. वीस वर्षे फिटिंग केलेल्या कारागिराकडे नवी बॅच सोपवली जाते किंवा नुकत्याच पदविका घेतलेल्या तरुणाला थेट वर्गावर पाठवले जाते. शिकवायचे कसे, हे दोघांनाही कोणी शिकवलेले नसते. मग चलाख मुले बघून बघून शिकतात, बाकीची मागे पडतात आणि दोष मुलांच्या माथी मारला जातो.

शिकवणे हे स्वतंत्र कसब आहे आणि ते रीतसर शिकता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, उच्च माध्यमिक स्तरावरचे व्यावसायिक अभ्यासक्रम, वाणिज्य शिक्षण देणाऱ्या संस्था आणि कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रे या सर्वांना ते लागू पडते. ही तयारी कोणत्या क्रमाने करावी आणि तिच्यात काय काय यावे, याचा विचार पुढे केला आहे.

प्रशिक्षक येतात कुठून

या क्षेत्रात येणारी माणसे साधारण तीन वाटांनी येतात आणि प्रत्येक वाटेची उणीव वेगळी असते.

पहिली वाट कारखान्याची. अनुभवी कारागिराचा हात बसलेला असतो, यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखण्याइतका त्याचा कान तयार असतो. पण जे पूर्ण अंगवळणी पडले आहे ते शब्दांत सांगणे त्याला अवघड जाते. ‘असं कर’ म्हणून तो करून दाखवतो; मात्र मनगट कधी वळवले आणि दाब कुठे कमी केला, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

दुसरी वाट पदविका-पदवीची. अशा उमेदवाराला सिद्धान्त, नकाशावाचन आणि गणिते येतात, पण हाताने काम केलेले कमी असते. प्रशिक्षणार्थींना हे पहिल्या आठवड्यातच कळते. शिक्षकाला स्वतःला सोल्डरिंग नीट जमत नसेल, तर त्याचा शब्द कार्यशाळेत चालत नाही.

तिसरी वाट वाणिज्याची. हिशेब, कार्यालयीन काम, किरकोळ विक्री किंवा बँकिंग शिकवणारे बहुधा एम.कॉम. किंवा व्यवस्थापनाचे पदवीधर असतात. पुस्तकातले जमाखर्च त्यांना पाठ असतात. प्रत्यक्ष दुकानाची बिले, थकलेली येणी आणि विवरणपत्राची मुदत यांच्याशी संबंध आलेला नसतो.

म्हणून प्रशिक्षकांच्या तयारीचा एकच साचा सर्वांना लावू नये. सुरुवातीला प्रत्येकाच्या दोन छोट्या चाचण्या घ्याव्यात. एकीत त्याने आपल्या व्यवसायातले एक काम ठरलेल्या वेळेत आणि मापात करून दाखवावे. दुसरीत दहा मिनिटांत एक कृती नवख्या माणसाला शिकवावी. या दोन्हींतून त्याला नेमके काय कमी आहे ते समोर येते. कारागिराला अध्यापनाचा आणि लेखी मांडणीचा भाग जास्त द्यावा, पदविकाधारकाला कार्यशाळेतले तास जास्त द्यावेत, वाणिज्याच्या शिक्षकाला प्रत्यक्ष कार्यालयात काही आठवडे काम करू द्यावे.

भारतातील व्यवस्था आणि पात्रतेचे मार्ग

कारागीर प्रशिक्षण योजना भारतात १९५० साली सुरू झाली आणि तिच्यातूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आयटीआयचे, जाळे देशभर पसरले. शिकवणाऱ्यांना शिकवण्याची गरज त्याआधीच ओळखली गेली होती. निदेशकांच्या प्रशिक्षणाची पहिली संस्था १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी येथे निघाली. पुढे १९६०च्या दशकात मुंबई, कोलकाता, चेन्नई, कानपूर, हैदराबाद आणि लुधियाना येथे केंद्रीय प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. याच संस्था आज राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जातात. त्यांतली मुंबईची संस्था शीव-चुनाभट्टी परिसरात आहे.

या संस्थांमधला मुख्य अभ्यासक्रम म्हणजे शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना, जी ‘सीआयटीएस’ या आद्याक्षरांनी परिचित आहे. तो एक वर्षाचा असतो आणि प्रवेशासाठी देशपातळीवर सामाईक परीक्षा होते. त्यात संबंधित व्यवसायाचे प्रगत तंत्र आणि अध्यापन पद्धती असे दोन्ही भाग असतात. उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र मिळते. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत निदेशकांची पात्रता नेमकेपणाने दिलेली असते: पदवीधरासाठी एक वर्षाचा, पदविकाधारकासाठी दोन वर्षांचा आणि आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यासाठी तीन वर्षांचा अनुभव. एका तुकडीच्या दोन निदेशकांपैकी एक पदवी वा पदविकाधारक आणि दुसरा आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीतून आलेला असावा, अशी रचना आहे. शिल्प निदेशक प्रमाणपत्र मात्र दोघांकडेही अपेक्षित आहे. या नियमामागचा विचार मोलाचा आहे. एकाने नकाशा आणि गणित सांभाळावे, दुसऱ्याने हातातले काम आणि दोघांनीही शिकवायला शिकलेले असावे.

इतर स्तरांसाठी वेगळ्या संस्था आहेत. तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांसाठी भोपाळ, चंदीगड, चेन्नई आणि कोलकाता येथे राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था आहेत. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेच्या कक्षेत येतात. शाळांमधल्या व्यवसाय शिक्षणासाठी भोपाळलाच पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे. आयटीआयसाठीचे शिक्षण साहित्य चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशन माध्यम संस्था तयार करते. अल्पमुदतीच्या कौशल्य अभ्यासक्रमांच्या प्रशिक्षकांना त्या त्या क्षेत्राची कौशल्य परिषद प्रमाणपत्र देते. महाराष्ट्रात शासकीय आयटीआयची संख्या चारशेहून अधिक आहे आणि त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते.

कारखान्यांनाही या विषयापासून दूर राहता येत नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. त्याखालच्या सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. उमेदवार घेणे कायद्याने भाग पडते, पण त्यांना शिकवणारा सुपरवायझर तयार करणे कंपनीच्या समजुतीवर राहते. या ठिकाणी जर्मनीचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तिथे १९७२पासून कारखान्यातल्या प्रशिक्षकालाही अध्यापन क्षमतेची परीक्षा द्यावी लागत असे. उमेदवारीच्या जागा वाढाव्यात म्हणून २००३ साली ही अट स्थगित झाली. पुढे केलेल्या पाहणीत, पात्र प्रशिक्षक नसलेल्या आस्थापनांत शिक्षण अर्धवट सोडणारे उमेदवार अधिक असल्याचे दिसले आणि २००९ साली अट पुन्हा लागू झाली.

कामाची उकल

प्रशिक्षकाच्या तयारीचा पहिला धडा म्हणजे आपल्याला येणाऱ्या कामाची उकल करणे. एखादे काम कागदावर तीन रकान्यांत मांडायचे: कृतीचा टप्पा, त्यातली नेमकी खुबी आणि त्या खुबीचे कारण. तिसरा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात, आणि शिकवताना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायातला अगदी सुरुवातीचा जॉब घ्यावा: लोखंडी तुकड्याचा पृष्ठभाग कानशीने सपाट करणे. ‘सपाट होईपर्यंत घासायचं’ एवढेच सांगितले, तर मुले दोन दोन आठवडे घासत राहतात आणि पृष्ठभाग मध्ये उंच व कडांना उतरताच राहतो. उकल केली की चित्र बदलते.

पहिला टप्पा जॉब व्हाइसमध्ये पकडण्याचा. खुबी ही की जॉब जबड्यांच्या वर थोडाच ठेवायचा. कारण तो जास्त वर राहिला तर थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. दुसरा टप्पा उभे राहण्याचा. व्हाइसचा वरचा भाग साधारण कोपराच्या उंचीला असावा आणि डावा पाय पुढे असावा. उंची चुकली तर कानस आडवी राहत नाही आणि कंबरही भरून येते. तिसरा टप्पा फटक्याचा. दाब फक्त पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना सोडायचा, कारण कानशीचे दात पुढच्याच दिशेने कापतात. मागे दाबून ओढली तर दात बोथट होतात.

चौथा टप्पा दाबाच्या वाटणीचा आहे, आणि सारे कौशल्य त्यातच आहे. फटका सुरू होताना टोकाकडच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त हवा. कानस पुढे सरकते तशी तिची जॉबच्या पुढे गेलेली लांबी वाढते. दाब बदलला नाही तर कानस झोके घेते आणि कडा खाल्ल्या जातात. पाचवा टप्पा तपासणीचा. गुण्याची पाती पृष्ठभागावर टेकवून उजेडाकडे धरायची आणि फटीतून कुठे उजेड दिसतो ते पाहायचे. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर पाहायचे, कारण एकाच दिशेने सपाट दिसणारा तुकडा दुसऱ्या दिशेने पिळलेला असू शकतो.

अनुभवी कारागिराला हे सगळे येत असते. ते अशा क्रमाने त्याने कधी मांडलेले नसते. प्रशिक्षकांच्या कार्यशाळेत प्रत्येकाने आपल्या व्यवसायातल्या किमान पाच कामांची उकल करावी आणि ती दुसऱ्या व्यवसायातल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावी. वेल्डिंगवाल्याने केलेल्या उकलीवरून वायरमनला काम समजले, तर उकल जमली असे मानावे.

पाठ टाचण

उकल हाती आली की पाठ टाचण सोपे होते. टाचणात पाठाचे उद्दिष्ट कृतीच्या भाषेत लिहावे. ‘प्रशिक्षणार्थीला व्हर्निअर कॅलिपरची माहिती देणे’ हे प्रशिक्षकाच्या कामाचे वर्णन झाले. ‘प्रशिक्षणार्थी व्हर्निअर कॅलिपरने दंडगोलाचा व्यास ०.०२ मिमीपर्यंत अचूक वाचेल’ हे उद्दिष्ट झाले, कारण ते साधले की नाही हे तपासता येते. चांगल्या उद्दिष्टात तीन गोष्टी येतात: करायची कृती, ती कोणत्या परिस्थितीत करायची आणि किती अचूक करायची.

हाताच्या कौशल्याची पातळी ठरवताना भारतीय शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांनी १९७०च्या सुमारास मांडलेली चढण उपयोगी पडते. अनुकरण, हाताळणी, अचूकता, सुसूत्रता आणि सहजता अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर प्रशिक्षणार्थी बघून करतो. दुसरीवर सूचनेवरून करतो. तिसरीवर विनामदत नेमके करतो. चौथीवर अनेक कृती एकत्र जुळवतो आणि पाचवीवर ते काम त्याच्या अंगवळणी पडलेले असते. एका पाठात एकच पायरी चढवण्याचा विचार करावा. पहिल्याच तासाला अचूकतेची अपेक्षा ठेवल्याने प्रशिक्षणार्थी खचतो. महिनाभर अनुकरणावरच थांबल्याने तो आळसावतो.

टाचणात उद्दिष्टाखालोखाल साहित्याची यादी, सुरक्षिततेची सूचना, आधीच्या ज्ञानाची उजळणी, टप्पे, प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ, विचारायचे प्रश्न आणि शेवटची चाचणी असावी. सरकारी नमुन्याचा रकाना भरायचा म्हणून केलेले टाचण कपाटात पडून राहते. वर्गात हातात धरून वापरलेल्या टाचणावर पेन्सिलीच्या खुणा दिसतात, आणि पुढच्या बॅचसाठी त्या खुणाच मोलाच्या ठरतात.

शिकवण्याच्या चार पायऱ्या

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी हजारो नवख्या कामगारांना झटपट तयार करायचे होते. त्या वेळी चार्ल्स अ‍ॅलन यांनी शिकवण्याच्या चार पायऱ्या पक्क्या केल्या. दुसऱ्या महायुद्धात त्याच पायावर कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाची मोठी मोहीम उभी राहिली आणि युद्धानंतर ती जपानी उद्योगांतही पोहोचली. शंभर वर्षांनंतरही ही पद्धत टिकून आहे, कारण ती कोणत्याही व्यवसायाला लागू पडते.

पहिली पायरी तयारीची. प्रशिक्षणार्थीला त्या कामाचे काय येते ते विचारावे, कामाचे महत्त्व सांगावे आणि त्याला नीट दिसेल असे उभे करावे. प्रशिक्षकाच्या समोर उभे राहिले तर हाताची क्रिया उलटी दिसते. म्हणून शक्य तिथे त्याला बाजूला किंवा मागे, खांद्याशी उभे करावे.

दुसरी पायरी करून दाखवण्याची. काम तीनदा दाखवावे. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, बोलणे कमीत कमी ठेवून, म्हणजे पूर्ण काम कसे दिसते ते कळते. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक टप्पा आणि त्यातली खुबी सांगत. तिसऱ्यांदा कारणांसह. एका वेळी पेलेल तेवढेच द्यावे. अकरा टप्प्यांचे काम असेल तर ते दोन पाठांत विभागावे.

तिसरी पायरी करवून घेण्याची. प्रशिक्षणार्थीने प्रथम न बोलता काम करावे आणि चूक झाली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करावी, कारण चुकीची सवय एकदा हाताला लागली की मोडणे कठीण जाते. पुढच्या वेळी त्याने टप्पे आणि खुबी बोलत बोलत काम करावे. शेवटी कारणेही सांगावीत. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याला होकारच मिळतो. ‘इथे दाब का सोडलास?’ असे विचारावे.

चौथी पायरी पाठपुराव्याची. प्रशिक्षणार्थीला स्वतंत्रपणे काम करू द्यावे, अडचण आली तर कोणाकडे जायचे ते सांगावे, सुरुवातीला वरचेवर आणि मग हळूहळू कमी वेळा पाहावे. बहुतेक कारखान्यांत तिसरी आणि चौथी पायरी गाळली जाते. दाखवून झाले की शिकवून झाले, असे समजले जाते.

व्यापार आणि कार्यालयीन व्यवसायांचे प्रशिक्षक

वाणिज्याच्या वर्गात यंत्र नसते म्हणून तिथे कृती नसते असे नाही. बिल नोंदवणे, बँक मेळपत्रक करणे, ग्राहकाची तक्रार हाताळणे, पत्राचा मसुदा तयार करणे ही सर्व कौशल्येच आहेत आणि त्यांचीही उकल होते.

वस्तू व सेवा कराची नोंद घ्यावी. कोल्हापूरच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने पुण्याच्या व्यापाऱ्याकडून १०,००० रुपयांचा माल घेतला आणि कराचा दर १८ टक्के असेल, तर बिलावर ९०० रुपये केंद्राचा आणि ९०० रुपये राज्याचा कर दिसतो. तोच माल बेळगावच्या व्यापाऱ्याकडून घेतला, तर १,८०० रुपये एकात्मिक कर म्हणजे आयजीएसटी लागतो. कोल्हापूरला बेळगाव पुण्यापेक्षा जवळ आहे, पण राज्य दुसरे आहे. नवख्या मुलाची चूक इथेच होते, कारण तो बिलावरची रक्कम पाहतो, विक्रेत्याचे राज्य पाहत नाही. उकलीतली खुबी अशी लिहावी: आधी विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहावेत, कारण ते राज्य दाखवतात, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. मग कराचे प्रकार तपासावेत आणि त्यानंतरच संगणकावर नोंद करावी. असा पाठ खऱ्या बिलांच्या प्रतींवर घ्यावा. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीच्या व्यवहारात विक्रेत्याचा क्रमांकच नसतो, मग तो पाहण्याची सवय कशी लागणार?

वाणिज्याच्या प्रशिक्षकांनी सराव पेढीची पद्धत शिकून घ्यावी. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ती बराच काळ रूढ आहे. वर्गाची एक पेढी होते. खरेदी, विक्री, हिशेब, पगार आणि पत्रव्यवहार असे विभाग पडतात. माल आणि पैसे काल्पनिक असतात, पण कागद, मुदती आणि जबाबदाऱ्या खऱ्यासारख्या असतात. विद्यार्थी काही आठवड्यांनी विभाग बदलतात. प्रशिक्षकाचे काम इथे व्याख्यात्याचे राहत नाही. तो व्यवस्थापक होतो, चुकलेले बीजक परत पाठवतो, उशिरा आलेल्या विवरणपत्राचा दंड लावतो. ही भूमिका सरावाशिवाय जमत नाही, म्हणून प्रशिक्षकांच्या तयारीत त्यांनी आधी स्वतः अशी पेढी चालवून पाहावी.

सराव आणि प्रतिसाद

प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवण्याविषयीची व्याख्याने भरपूर आणि शिकवण्याचा सराव थोडा, ही नेहमीची उणीव आहे. ती दूर करण्याचा चांगला मार्ग सूक्ष्म अध्यापनाचा. ही पद्धत १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. भारतात तिचे ३६ मिनिटांचे चक्र रूढ झाले: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रतिसाद, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रतिसाद. एका चक्रात एकच कौशल्य घ्यायचे: प्रश्न विचारणे, फलकलेखन, कृती करून दाखवणे किंवा उदाहरणे देणे.

प्रतिसाद कसा द्यावा, हेही शिकवावे लागते. ‘छान झालं’ आणि ‘अजून सुधारणा हवी’ या दोन्ही शेऱ्यांचा उपयोग नसतो. निरीक्षकाने दिसले ते सांगावे: ‘सहा मिनिटांत चार प्रश्न विचारले, चारही पुढच्या बाकावरच्यांना विचारले.’ प्रशिक्षकाने आधी स्वतः आपल्या पाठाविषयी बोलावे, मग सहकाऱ्यांनी, शेवटी ज्येष्ठाने. मोबाइलवर केलेले चित्रण त्याला स्वतःला दाखवावे. अनेकांना आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो हे पहिल्यांदा तिथेच कळते.

सुरक्षितता आणि कार्यशाळेची शिस्त

कार्यशाळेतला निष्काळजीपणा हातापायावर बेतू शकतो, म्हणून सुरक्षितता हा स्वतंत्र तास न ठेवता प्रत्येक पाठाचा भाग असावा. प्रशिक्षकाला नियम पाठ असून भागत नाही, त्यामागचे कारण सांगता यायला हवे. वेल्डिंग करताना हातमोजे हवेतच. ड्रिलिंग मशीनवर ते घालू नयेत, कारण फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचे टोक अडकले तर हात ओढला जातो. लेथच्या चकची किल्ली काम झाल्याबरोबर काढून ठेवावी, कारण ती चकमध्ये राहिली आणि यंत्र सुरू झाले तर ती गोळीसारखी उडते. वीजतंत्रीच्या कार्यशाळेत पुरवठा बंद केला एवढ्यावर थांबू नये. बंद असल्याची टेस्टरने खात्री करून मगच हात लावावा.

वीस-चोवीस जणांच्या तुकडीला पुरतील इतकी यंत्रे बहुधा नसतात. फेरपालटाचा तक्ता करणे हेही प्रशिक्षकाचे काम आहे. चार जण यंत्रावर, चार मापनावर, चार नकाशावाचनावर, बाकीचे हातकामावर, अशी आखणी केली तर कोणी रिकामे बसत नाही. हत्यारांचे वाटप आणि परतावा, कच्च्या मालाची नोंद, यंत्राच्या देखभालीचे वेळापत्रक आणि तासाच्या शेवटी जागा झाडून स्वच्छ करणे यांतूनच प्रशिक्षणार्थींना कारखान्याची शिस्त लागते.

मूल्यमापन

आयटीआयच्या परीक्षेत प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के आणि लेखी विषयांत ३३ टक्के गुण लागतात. हातातल्या कामाला दिलेले हे वजन योग्यच आहे, पण ते सार्थ ठरते प्रशिक्षकाने प्रामाणिकपणे गुण दिले तरच. जॉब नुसता हातात घेऊन अंदाजाने गुण देणे थांबवावे. गुणपत्रिकेत दोन भाग करावेत. एक वस्तूचा: माप, काटकोन, पृष्ठभाग, वेळ. दुसरा कृतीचा: हत्यारांची निवड, क्रम, सुरक्षितता, मालाची नासाडी. गुणांचे निकष जॉब सुरू होण्याआधी प्रशिक्षणार्थींना सांगावेत. दोन प्रशिक्षकांनी तोच जॉब स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहावेत; फरक मोठा असेल तर निकष सैल आहेत असे समजावे.

प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही मूल्यमापन व्हावे. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली सांगितलेले चार स्तर त्यासाठी पुरेसे आहेत: सहभागींना प्रशिक्षण कसे वाटले, ते काय शिकले, परत गेल्यावर वर्गात काय बदलले आणि त्याचा अंतिम परिणाम काय झाला. शेवटच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद फक्त पहिला स्तर सांगतो. तीन महिन्यांनी वर्गावर जाऊन केलेले निरीक्षण तिसरा स्तर दाखवते, आणि प्रशिक्षणावर झालेला खर्च सत्कारणी लागला की नाही ते तिथे कळते.

छोट्या संस्थेसाठी आराखडा

वर्षभराच्या अभ्यासक्रमाला माणूस पाठवणे ज्यांना शक्य नाही, त्या कारखान्यांनी आणि लहान संस्थांनी निदान दहा दिवसांचा कार्यक्रम जागेवरच आखावा.

पहिला दिवस: व्यवसाय चाचणी, अध्यापन चाचणी आणि प्रत्येकाच्या गरजांची नोंद.
दुसरा व तिसरा दिवस: कामाची उकल, प्रत्येकाच्या पाच कामांचे तक्ते.
चौथा दिवस: कृतीच्या भाषेत उद्दिष्टे आणि पाठ टाचण.
पाचवा व सहावा दिवस: चार पायऱ्यांनी शिकवण्याचा सराव, सूक्ष्म अध्यापनाची चक्रे.
सातवा दिवस: सुरक्षितता, फेरपालटाचा तक्ता, हत्यारे आणि साहित्याची नोंद.
आठवा दिवस: मूल्यमापनाचे निकष आणि गुण ताडून पाहण्याचा सराव.
नववा व दहावा दिवस: खऱ्या प्रशिक्षणार्थींसमोर पूर्ण पाठ, चित्रण आणि प्रतिसाद.

यानंतर सहा महिने दर महिन्याला एकदा प्रत्येकाच्या वर्गाचे निरीक्षण व्हावे. गटात आठ-दहापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, नाहीतर सरावाला वेळ पुरत नाही. कार्यक्रम मराठीतून घ्यावा. यंत्रांची आणि हत्यारांची रूढ नावे शॉप फ्लोअरवर जशी चालतात तशीच ठेवावीत. प्रशिक्षणार्थी ज्या भाषेत विचार करतो तिच्यातच कारण समजावले, तर ते त्याच्या मनात पक्के बसते.

ज्ञान ताजे ठेवणे

एकदा मिळवलेली पात्रता आयुष्यभर पुरत नाही. साध्या लेथशेजारी सीएनसी यंत्र आले, मोटार मेकॅनिकच्या कार्यशाळेत विजेवर चालणारी गाडी आली, हिशेबाच्या वह्यांच्या जागी संगणक आला. ठरावीक काळाने प्रशिक्षकाला काही आठवडे उद्योगात प्रत्यक्ष कामावर पाठवावे, आणि ते पाहुणा म्हणून नव्हे. त्याने पाळीत उभे राहून काम करावे आणि परत आल्यावर आपल्या टाचणांत बदल करून दाखवावेत. उलट दिशेने, कारखान्यातल्या तंत्रज्ञाला महिन्यातून एखादा तास संस्थेत शिकवायला बोलवावे. त्याआधी कामाची उकल आणि चार पायऱ्या त्याला समजावून द्याव्यात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने शाळा आणि महाविद्यालयांतल्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत व्यवसाय शिक्षण नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी इमारती, यंत्रे आणि अनुदान यांची चर्चा होते. शिकवणाऱ्याच्या तयारीची चर्चा त्यामानाने फार कमी होते. नवे यंत्र पैसे मोजून एका महिन्यात आणता येते. चांगला प्रशिक्षक घडायला वर्षे लागतात, पण तो घडला की त्याच्या हाताखालून दरवर्षी एक तुकडी कामाला लागून बाहेर पडते. म्हणून संस्थाचालकांनी, प्राचार्यांनी आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षाचा खर्च आखताना यंत्रखरेदीच्या शेजारीच प्रशिक्षकांच्या तयारीची रक्कम लिहावी आणि ती त्याच कामी खर्च करावी.